काकांचे अडीच वाकडे आटे

दिवेकर काकांनी गाडीची डिकी उघडली, इकडेतिकडे बघितलं आणि शालीत गुंडाळलेली एक लांब वस्तू माझ्या हातात ठेवली. मागे हॉलमध्ये मंडळाच्या गणपतीची आरती नुकतीच संपली होती आणि प्रसादाच्या रांगेत नेहमीचा गोंधळ चालला होता. माझ्या हातात खिरापतीचा द्रोण होता. तो मी डिकीतच ठेवला.

"जरा बघतेस का?" काका म्हणाले.

शाल उलगडली तर आत रायफलची नळी. नुसती नळी, बाकी रायफल घरी. हॉल शाळेचा नव्हता म्हणून बरं, इथे शाळेच्या आवारात बंदूक आणायला बंदी आहे. नुसती नळी म्हणजे बंदूक नव्हे हे कायद्याला माहीत आहे, पण पार्किंगमधून पैठणी सावरत जाणाऱ्या मावशींना ते कोण समजावणार?

दिवेकर काका म्हणजे हाडांचे डॉक्टर. पस्तीस वर्षं ऑपरेशनं केली, आता रिटायर्ड, वय चौऱ्याहत्तर. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला ते आले की कुणी ना कुणी त्यांना कोपऱ्यात गाठतं, पँटचा पाय वर करतं आणि गुडघा दाखवतं. काका भयंकर चिडतात. "अपॉइंटमेंट नावाची गोष्ट असते," म्हणतात. तेच काका आज मला कोपऱ्यात गाठून नळी दाखवत होते. मला मनातून फार बरं वाटलं.

मग मी नळीचं तोंड उजेडात धरलं आणि बरं वाटणं संपलं.

तोंडावर अडीच आटे पाडलेले होते. आटे म्हणजे स्क्रूवर असतात त्या गोल फिरत जाणाऱ्या खाचा, ज्यांच्यावर नट किंवा झाकण बसतं. हे आटे लांबूनसुद्धा वाकडे दिसत होते. डोक्यावर तिरकी टोपी घालावी तसे.

"हे कुणी केलं?"

"मी. गॅरेजमध्ये. डाय मागवला होता." डाय म्हणजे आटे पाडायची पोलादी चकती. ती दांड्यात बसवून हाताने फिरवायची. "अडीच फेऱ्या झाल्या आणि मला वाटलं, काहीतरी चुकतंय."

"मग थांबलात?"

"लगेच. सर्जनला एवढं कळतं."

एवढं कळलं म्हणूनच पुढची गोष्ट घडली. तिसरी फेरी मारली असती तर मी काय, कुणीच काही करू शकलं नसतं.

आटे कशाला हवे होते ते सांगते. काका गेली चाळीस वर्षं नेमबाजी करतात. शिकारबिकार नाही. सहाशे यार्डांवर कागद लावायचा, जमिनीवर पालथं पडायचं आणि दुर्बीण न लावता, नळीच्या टोकाजवळच्या साध्या माशीवरून, म्हणजे छोट्या उंचवट्यावरून, नेम धरायचा. मागच्या वर्षी त्यांचा उजवा खांदा बदलला. ज्या सर्जनने बदलला तो काकांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने सांगितलं, "सर, एक तर धक्का कमी करा, नाही तर रायफल सोडा." धक्का कमी करायला नळीच्या तोंडावर मझल ब्रेक बसवतात. हा बोटभर लांबीचा पोलादी तुकडा असतो. त्याला बाजूने खिडक्या असतात, त्यातून गोळीमागचा गॅस बाजूला फेकला जातो आणि खांद्याला बसणारा दणका निम्म्यावर येतो. काकांच्या क्लबने त्यांचं वय बघून ब्रेकला परवानगी दिली होती. आता फक्त तो बसवायला नळीवर आटे हवे होते.

"गनस्मिथकडे का नाही दिलीत?"

"बंदुका दुरुस्त करणाऱ्या दोघांना विचारलं. एक म्हणाला, सहा महिने थांबा. दुसरा म्हणाला, पाठवून द्या, बघतो. बघतो म्हणजे काय? मी आयुष्यभर हाडात आटे पाडलेत वृंदा. हाडात तो आटे पाडायचा टॅप हातानेच फिरवतात. हाताला कळतं."

"आणि मी? मी गनस्मिथच्याच दुकानात काम करते ना?"

काका जरा घुटमळले. "ते माहीत होतं. पण मला वाटलं, तू काउंटरवर असतेस."

मला लागलं. खोटं कशाला सांगू?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या वडिलांचं, आबांचं, तीन लेथचं वर्कशॉप होतं. लेथ म्हणजे काम गोल फिरवायचं आणि त्याला टूल लावून कापायचं, ते मशीन. पंपांचे शाफ्ट हे आमचं मुख्य काम. मी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला तो नावाला, खरी शिकले आबांच्या लेथवर. लग्न होऊन अमेरिकेत रेडमंडला आले तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर होते, काही वर्षं नुसतीच खिडकीतून पाऊस बघत बसले. ग्रीन कार्ड आल्यावर मी घरापासून पाऊण तासावर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वॉल्टच्या दुकानात नोकरी धरली. मंडळातल्या बायकांना मी गनस्मिथकडे काम करते हे सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, "सेफ आहे का गं?" त्यापुढे कुणी काही विचारलं नाही. त्यामुळे काउंटर हा अंदाज काकांच्या एकट्याचा नव्हता.

"दुसरी नळी का नाही बसवत?" मी विचारलं. मी मुद्दामच विचारलं, कारण तो सोपा मार्ग होता.

काका नळीकडे बघत म्हणाले, "ही नळी माझ्या हाताला बत्तीस वर्षं माहीत आहे. थंडीत ती कुठे मारते, तापली की कुठे मारते, सगळं. नवीन नळी अशी ओळखीची व्हायला मला पाच वर्षं लागतील. माझ्याकडे पाच वर्षं आहेत का, ते तुला माहीत नाही आणि मलाही नाही. ही गेली तर मी रायफल विकून टाकणार."

त्यांच्या आवाजात रडगाणं नव्हतं. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं ते बोलले, आणि म्हणूनच मला ते जास्त टोचलं.

"सोमवारी दुकानात या," मी म्हटलं. "अपॉइंटमेंट दहाची."

सोमवारी काका पावणेदहालाच हजर. वॉल्टने नळी घेतली, चष्मा कपाळावर चढवला, आटे बघितले आणि नळी परत काउंटरवर ठेवली. वॉल्ट सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. त्याचा एक नियम होता. दुसऱ्याने अर्धवट केलेलं काम तो घ्यायचा नाही.

"डॉक्टर, दुसऱ्याने पोट उघडून ठेवलेला पेशंट तुम्ही घेतला असता का?"

"घेतला असता," काका म्हणाले. "अनेकदा घेतलाय."

वॉल्टला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आधी बघू तर, किती बिघडलंय."

आमच्याकडे एक सळई असते. नळीच्या भोकात जेमतेम सरकेल इतकी मापात घासलेली आणि अगदी सरळ. काकांचा ब्रेक मी त्या अडीच आट्यांवर जाईल तेवढा फिरवला आणि सळई मागून नळीत घातली. सळई म्हणजे गोळीचा रस्ता. ती नळीतून पुढे आली, ब्रेकमध्ये शिरली आणि ब्रेकच्या भोकाच्या कडेवर टक्कन आपटली.

काका वाकून बघत राहिले. त्यांचा चेहरा एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरचा झाला.

"म्हणजे गोळी इथे आदळली असती."

"पहिलीच."

"पण मी तर अगदी काटकोनात धरला होता डाय. गुण्या लावून."

इथे सगळ्यात मोठी गोम आहे, आणि घरी हे काम करणाऱ्या दहांतले नऊजण इथेच फसतात. नळी बाहेरून गोल असते आणि आतलं भोकही गोल असतं, पण दोन्ही गोलांचं केंद्र एक असेलच असं नाही. भोक लांबलचक असतं, पाडताना ड्रिल किंचित भरकटतं. नंतर बाहेरून नळी गुळगुळीत केली की डोळ्याला सगळं छान दिसतं. डाय बसतो बाहेरच्या अंगावर. गोळी जाते आतल्या भोकातून. त्यात डाय हाताने फिरवताना जरासा कलला की झालंच.

"हाडात टॅप आधी पाडलेल्या भोकातूनच जातो," मी काकांना म्हटलं. "म्हणून तुमच्या हाताला कळतं. इथे तुमचा हात भोकाला लागलाच नव्हता."

काकांनी ब्रेकच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "करेक्ट. माझं डायग्नोसिस चुकलं." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलेले लोक फार नसावेत.

"आता? तेवढं टोक कापून टाकायचं का?" त्यांनी विचारलं.

एरवी तेच केलं असतं. वाकडा भाग इंचभर कापायचा आणि नव्याने सुरुवात करायची. पण काकांच्या नळीवर माशी होती, आणि ती तोंडापासून इंचभरच मागे, नळीला कायमची जोडलेली. कापायला जागाच नव्हती. जे काही करायचं ते त्याच इंचात.

म्हणजे एकच उपाय उरला. वाकडे आटे पूर्ण निघेपर्यंत ते टोक बारीक करायचं, भोकाला केंद्र धरून, आणि त्यावर लहान मापाचे नवीन आटे पाडायचे. काकांचे आटे अजून पुरते खोल गेले नव्हते, तेवढं नशीब. मी हिशेब केला. सगळं साफ केल्यावर चौदा मिलिमीटरच्या वर फक्त एक दशांश उरत होता.

वॉल्टने मान हलवली. "माझ्याकडे इंचाची मापं आहेत. मोठं माप घ्यावं तर त्याला चौदा पॉइंट तीन लागतात, तेवढं मटेरियल नाही. त्याच्या खालचं अर्ध्या इंचाचं. ते घेतलं तर नळीची भिंत कागदासारखी होईल. मी नाही करणार."

चपलेसारखंच झालं. आठ नंबर मोठा, सात नंबर लहान, आणि दुकानात मधलं माप नाही.

"मधलं माप आहे," मी म्हटलं. "चौदा मिलिमीटर, एक मिलिमीटर पिच. मेट्रिक. युरोपातले लोक वापरतात. ब्रेकही मिळतो." पिच म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर.

"मेट्रिक," वॉल्ट म्हणाला. जणू मी लेथवर इडल्या करूया म्हणाले होते. "व्रिंडा, माझा लेथ माझ्यापेक्षा म्हातारा आहे. तो इंचात जन्मला आणि इंचातच मरणार."

"आमचे लेथसुद्धा इंचातच जन्मले होते. ब्रिटिशांचे. काम मात्र सगळं मिलिमीटरचं. गिअरचं खोकं कुठे आहे?"

खोकं बेंचखाली होतं, ग्रीसने माखलेलं. लेथवर आटे पाडताना कामाची फिरण्याची गती आणि टूलची पुढे सरकण्याची गती यांची जोडी लावावी लागते, आणि ती गिअर बदलून लावतात. इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे हवे असतील तर एकशे सत्तावीस दात्यांचं गिअर लागतं. ते खोक्यात नव्हतं. ते कधीच नसतं. उद्यमनगरातही नसायचं. म्हणून तिथले सगळे मिस्त्री ऐंशी आणि त्रेसष्ट दात्यांची जोडी लावायचे. त्यात चूक येते, पण इंचभर लांबीच्या आट्यांत ती केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढीसुद्धा होत नाही. ऐंशीचं लगेच सापडलं. त्रेसष्टचं अगदी तळाशी होतं, बहुतेक कुणी कधी वापरलेलंच नव्हतं. मी ते बाहेर काढलं तेव्हा काकांनी टाळी वाजवली. कशासाठी ते त्यांना कळलं नसावं.

वॉल्टने गणित दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. मग म्हणाला, "तू या दुकानात नळीला कधी हात लावला आहेस?"

"नाही. तू लावू दिला नाहीस."

खरंच होतं. चार वर्षं मी तिथे लाकडी दस्ते बसवत होते, ट्रिगर दुरुस्त करत होते, स्क्रू बनवत होते. नळी मात्र फक्त वॉल्टची. मी कधी भांडले नाही, पण मनात होतंच.

"भंगारातल्या तीन नळ्या घे," तो म्हणाला. "तिन्हींवर हेच करून दाखव. तिन्हींमध्ये सळई ब्रेकला न शिवता गेली, तर डॉक्टरांची नळी तुझी. एकीत जरी शिवली तर त्यांनी दुसरी नळी घ्यावी."

काका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "चालेल."

काकांनी त्या मापाचा नवीन ब्रेक मागवला. तो येईपर्यंतच्या दहा दिवसांत मी दोन नळ्यांचे आटे पाडले, आणि तो आल्या दिवशी तिसरीचे. वॉल्टने सळई घातली. पहिली, पार. दुसरी, पार. तिसरीला त्याने सळई फिरवून फिरवून बघितली, कुठे तरी शिवेल म्हणून. नाही शिवली.

"ठीक आहे," एवढंच म्हणाला. वॉल्टच्या भाषेत हे खूप झालं.

काकांच्या नळीचा दिवस गुरुवारचा. सकाळी आठला सुरुवात केली. काका स्टूल घेऊन कोपऱ्यात बसले. मी त्यांना दोन अटी घातल्या होत्या. बोलायचं नाही आणि उठायचं नाही.

पहिले दोन तास मी काहीच कापलं नाही. नळी चकमध्ये धरली. चक म्हणजे लेथचा पंजा, त्याला चार जबडे असतात आणि प्रत्येक जबडा वेगळा पुढेमागे होतो. भोकात सळई घातली, तिच्यावर डायल लावलं. डायल म्हणजे घड्याळासारखं मीटर, सुई कणभर हलली तरी दाखवतं. चक हाताने फिरवायचा, सुई किती हलते ते बघायचं, एक जबडा सैल, समोरचा घट्ट, परत फिरवायचा. मागच्या टोकाला तेच. पुढचं बरोबर आलं की मागचं बिघडतं, मागचं केलं की पुढचं. आबा म्हणायचे, "आधी भोक बघायचं, मग भायेरचं. भायेरचं सगळ्यांना दिसतंय." दहा वाजता सुई हलायची थांबली. भोक बरोबर मध्यावर फिरत होतं. बाहेरचं अंग मात्र आता उघड उघड डगमगत होतं.

काकांनी नियम मोडला. "अगं, हे तर डोळ्यांना दिसतंय!"

"काका."

"सॉरी."

मग वाकडे आटे काढायला घेतले. थोडं थोडं. प्रत्येक कटनंतर जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावायचा. पंधराच्या खाली आलं, साडेचौदा आलं, काकांचा पहिला आटा गेला, दुसरा गेला. अर्धा आटा एका बाजूला उरला होता, पुसट रेघ. चौदा पॉइंट दोन. रेघ होती. माझा हिशेब चुकला असेल तर आता काहीच हातात नव्हतं. चौदा पॉइंट एक पाच. अजून होती, नखाला लागत नव्हती पण दिसत होती. अजून एक कट घेतला. चौदा पॉइंट शून्य आठ. मी कापडाने पुसलं आणि भिंग लावलं. साफ. मी मोठ्याने श्वास सोडला असणार, कारण मागे स्टूल करकरलं.

आता आटे. ऐंशी-त्रेसष्टची जोडी आदल्या दिवशीच लावून ठेवली होती. इंचाच्या लेथवर मेट्रिक आटे पाडताना एक गोष्ट जपावी लागते. टूल एकदा जोडीला लागलं की ती जोडी काम संपेपर्यंत सोडायची नाही. सोडली तर पुढच्या फेरीला टूल भलत्याच जागी उतरतं आणि आट्यांची चटणी होते. म्हणजे टोकाला पोचलं की मशीन थांबवायचं, टूल बाहेर घ्यायचं, मशीन उलटं फिरवून मागे आणायचं, परत पुढे. आणि आटे संपतात तिथे, माशीच्या अलीकडे, टूलला थांबायला जागा जेमतेम तीन मिलिमीटर. मोटर क्षणभर उशिरा थांबली तर टूल थेट माशीत.

मी मोटरचं बटण बंद केलं आणि प्लगही काढला.

वॉल्ट दारात उभा होता. "काय झालं? लाइट गेली?"

"नाही. मी हाताने पाडणार आहे."

"हाताने? लेथ?"

माझ्या लहानपणी उद्यमनगरात लोडशेडिंग असायचं. काम मधे असताना वीज गेली, आणि संध्याकाळी शाफ्ट पोचवायचा असला, तर आबा मला चकवर बसवायचे. म्हणजे चक दोन्ही हातांनी धरून फिरवायचा. ते टूल सांभाळायचे, मी फिरवायचे. शाळेतून आल्यावर दोनशे-दोनशे फेऱ्या. तेव्हा मी वैतागायचे, मैत्रिणी खेळायला जायच्या. पण हाताने फिरवलेला चक हवा तिथे थांबतो. अर्ध्या फेरीवर, पाव फेरीवर. मोटरला ते जमत नाही.

मी दोन्ही हातांनी जबडे धरले आणि फिरवायला सुरुवात केली. पहिला कट नुसती रेघ. पुढे चौदा फेऱ्या, टूल बाहेर, मागे चौदा फेऱ्या. पट्टी लावून मोजलं. दहा मिलिमीटरमध्ये दहा रेघा. बरोबर. दुसरा कट. तिसरा. मनगट दुखायला लागलं. सहाव्या कटला वॉल्ट न बोलता पुढे आला आणि त्याने चक धरला.

"तू टूल बघ," तो म्हणाला. "थांब म्हणालीस की थांबतो."

चार वर्षांत वॉल्टने माझ्या हाताखाली काम करण्याची ती पहिली वेळ. मी "थांब" म्हटलं की तो थांबायचा. "मागे" म्हटलं की मागे. सांगायला लाज कशाला वाटायची, मला मजा येत होती. सतराव्या कटला ब्रेक लावून बघितला. दोन आटे गेला आणि अडकला. अजून एक कट, अगदी नाजूक. परत लावला. ब्रेक बोटांनी फिरत फिरत आत गेला आणि आटे संपतात त्या कडेला टेकला. हलवून बघितला. हलत नव्हता.

वॉल्टने सळई माझ्या हातात दिली, पण मी ती काकांना दिली.

"तुमचा पेशंट," मी म्हटलं.

काकांनी सळई मागून घातली. सळई नळीतून आली, ब्रेकमध्ये शिरली आणि पुढून बाहेर पडली. चारी बाजूंनी सारखी फट. काकांनी ती फिरवली, मागे घेतली, परत घातली. कुठेच शिवत नव्हती. मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. वॉल्ट लगेच गिअर पुसायला लागला. त्याला असलं काही बघायला आवडत नाही.

शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर गेलो. पहिली गोळी वॉल्टने रायफल बेंचवर घट्ट टेकवून झाडली, तो त्याचा नियम. ब्रेक काढून आतून बघितला. ओरखडाही नाही. मग काका चटईवर पालथे पडले. काकांच्या पत्नी मंदा काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड असा धरला होता की दुसऱ्या दिवशी निळा पडला.

काकांनी वेळ घेतला. आवाज झाला. ब्रेकमुळे आवाज वाढतो, कानाला टोप्या होत्या तरी काकू दचकल्या. काका हलले नाहीत. दुसरी. तिसरी. पाच झाल्या. वॉल्ट दुर्बिणीतून कागद बघत होता. मग म्हणाला, "डॉक्टर, पाचही मधल्या काळ्या वर्तुळात. आणि चार एका कपबशीत मावतील."

काकांनी रायफल खाली ठेवली, उठून बसले आणि उजवा हात हळूहळू वर नेला. डोक्याच्या वर, सरळ. काकूंनी माझा दंड सोडला.

"दुखतंय?" काकूंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "अगं, नाही दुखत. अजून गोळ्या आहेत ना?"

रेंजवरच्या दोन म्हाताऱ्यांनी येऊन विचारलं, आटे कुणी पाडले? काकांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हिने. हाताने." ते दोघं माझ्या हातांकडे बघत राहिले. मी आयुष्यात पुष्कळ शाफ्ट बनवले, पण त्या दिवशी गाडी चालवत घरी येताना मी जितकी खूश होते, तितकी कधी नव्हते. नवऱ्याला सगळं दोनदा सांगितलं. त्याने दोन्ही वेळा ऐकलं.

वसंतातल्या मॅचमध्ये काका एकोणीस जणांत चौथे आले. पहिल्या तिघांची वयं एकत्र केली तर जेमतेम काकांचं वय होईल, असं काका सांगतात. मी तपासलेलं नाही.

आता मला फोन येतात. नळीवर आटे घरी पाडावेत की गनस्मिथकडे द्यावेत? फोन करणारे बरेचसे इंजिनिअर असतात. त्यांनी व्हिडिओ बघितलेले असतात आणि डाय कार्टमध्ये टाकलेला असतो. मी कुणाला नाही म्हणत नाही. नळी त्यांची, गॅरेज त्यांचं. मी एवढंच विचारते, की तुमच्या नळीचं भोक बरोबर मध्यावर आहे का? बहुतेक जण म्हणतात, दिसतंय तर मध्यावरच. मग मी त्यांना सांगते, फोन ठेवू नका, अपॉइंटमेंट लिहून घ्या. माझ्याकडे पहिली मोकळी तारीख पुढच्या महिन्यातली आहे.